मैथिली आणि जानकीचे अर्धे-अर्धे विषय

‘तुम्ही शाळेत काय शिकवता?’ असं कोणी विचारलं की मी ‘काहीच नाही’ म्हणते आणि समोरच्या माणसाची पंचाईत बघत बसते. खोटं नाही ते. तंजावूरच्या एका खासगी शाळेत इतकी वर्षं काढली, पण फळ्यावर कधी धडा लिहिला नाही. माझं काम कौन्सेलरचं. जिन्याखालची एक खोली मला दिली होती. पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं, त्यामुळे पावसाळ्यात खोलीला जुन्या फुटबॉलचा वास यायचा. मुलांनी तिचं नाव ‘पेसुम रूम’ पाडलं होतं, म्हणजे बोलायची खोली. बाहेरच्या फलकावर भारदस्त इंग्रजी नाव होतं, ते कोणी वाचलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. मूल कोणत्या वाटेनं शिकतं, त्याला काय सहज जमतं आणि कशात त्याचा जीव रमतो, या तीन गोष्टी शोधायच्या आणि त्याच्या त्यालाच दाखवायच्या. पालकांना वाटतं, आमच्याकडे एखादी परीक्षा असते, ती दिली की यंत्रातून चिठ्ठी निघते: हा डॉक्टर, ही वकील. मी शिकले तेव्हा अशा चिठ्ठ्यांचा फार बोलबाला होता. हे डोळ्यांनी शिकणारं मूल, हे कानांनी, हे हातांनी. पण खरी मुलं अशी डब्यांत मावत नाहीत. पापनाशमच्या बाजूच्या खेड्यातून बसनं येणारा अरुळ नावाचा एक मुलगा बाकावर दोन मिनिटं ठरत नसे. सगळे म्हणाले, हा हातांनी शिकणारा, याला प्रयोग द्या. प्रयोगाच्या नळ्या त्यानं फोडल्या. मी त्याला मैदानाच्या कडेनं चालत-चालत पाठ करायला लावलं, तेव्हा इंग्रजीचे उतारे तोंडपाठ झाले. गणित मात्र तो बसूनच करी, आणि तेही भिंतीकडे तोंड करून. आता याला कोणत्या डब्यात घालणार? म्हणून मी चिठ्ठ्या सोडल्या आणि विचारण्या-ऐकण्यावर भर दिला. या धंद्यात मी चांगली होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

जी हकीकत सांगायची ती मैथिली आणि जानकीची. जुळ्या बहिणी, हुबेहूब. वडील सेतुरामराव विमा कंपनीत नोकरीला, घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. आमच्यासारखंच मराठी घर, म्हणजे बोलणं मराठी, भांडणं तमिळ आणि अभ्यास इंग्रजी. नावं ठेवतानासुद्धा त्या घरानं एकाच सीतेची दोन नावं दोघींना वाटून दिली होती. कपडे एकसारखे, वेण्या एकसारख्या, वाढदिवसाला पायसमच्या वाट्याही सारख्या मापाच्या.

दहावीत शाळेनं दोघींना वेगवेगळ्या तुकड्यांत घातलं. तोवर त्या एका वर्गात पुढं-मागं बसत. वेगळं केल्यावरही दोघींचे मार्क उत्तम होते. दर आठवड्याच्या चाचणीत दोघी पहिल्या पाचांत. मग तिमाही परीक्षा झाली आणि आक्रीत घडलं. मैथिली तमिळ आणि समाजशास्त्रात सपशेल नापास. जानकी गणित आणि विज्ञानात नापास. मैथिली इंग्रजीत काठावर. बाकीच्या विषयांत मात्र दोघी वर्गात सर्वांत वर.

सेतुरामराव दोघींना घेऊन माझ्या खोलीत आले. हातात एक जाड, गुळगुळीत कागदांचा अहवाल होता. दहा बोटांचे ठसे घेऊन मेंदू ओळखणारा एक माणूस त्यांना भेटला होता.

“रत्नाक्का, दृष्ट लागली,” ते खुर्चीत बसता-बसता म्हणाले. “परीक्षेची भीती बसली आहे पोरींस. तेवढी तुम्ही काढून द्या. बाकी सगळं ठरलं आहे. अकरावीस दोघींस बायॉलॉजी ग्रुप, मग मेडिकलची कोचिंग. हा बघा रिपोर्ट. दोघींचा मेंदू एकसारखा निघाला.”

“जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा एकसारखे नसतात हो, सेतुरामराव,” मी म्हटलं.

“न्हवे?” त्यांनी अहवालाकडे एकदा पाहिलं आणि तो पिशवीत घातला. “ते असो. भीती तेवढी काढा.”

भीतीची मुलं मी खूप पाहिली आहेत. भीती बसली की मूल सगळ्याच विषयांत डळमळतं. भीती अशी नीट वाटणी करून येत नाही. हे मला तेव्हाच खटकलं. दोघींना वेगवेगळ्या दिवशी पाठवा, एवढं सांगितलं.

आधी मैथिली आली. नव्या मुलाला मी नेहमी एकच काम देते: तुझ्या घरून शाळेला कसं यायचं ते मला समजावून सांग. मैथिलीनं टेबलावरचा कागद न विचारता पुढं ओढला. गल्ली, राजवाड्याची भिंत, बाजार, वळणं, सगळं रेघांत. कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जानकी आली. तिला तेच विचारलं. तिनं कागदाला हात लावला नाही. “मिस, आधी पूवाली पाट्टीचं दुकान लागतं,” तिनं सुरुवात केली. फुलं विकणाऱ्या त्या आजीचं सुनेशी कसं पटत नाही, पुढचा इस्त्रीवाला कोणाशी बोलत नाही, त्याच्या पुढचा कुत्रा कोणावर भुंकतो, असं करत-करत पाव तासानं ती शाळेच्या फाटकाशी पोचली. रस्ता दोघींचा एकच, पण एकीला तो रेघांचा दिसतो आणि दुसरीला माणसांचा.

मग मी नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला: तुला येतं त्यातलं काहीतरी मला शिकव. मैथिलीनं मला वर्तुळाची स्पर्शिका शिकवली, अशी की मला जन्मात पहिल्यांदा कळली. जानकीनं एक जुनी तमिळ कविता म्हणून दाखवली, अर्थ सांगितला, वर कवीच्या मनात काय असेल तेही सांगितलं.

इथवर सगळं ठीक. मग मी जानकीला म्हटलं, “गेल्या महिन्यात गणिताच्या चाचणीत तुला पैकीच्या पैकी होते. त्यातलं एखादं गणित सांग ना.”

तिनं कागद माझ्याकडे सरकवला.

“बरं, सोपं सांग. त्रिकोणाचं कुठलंही.”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “मिस, मैथिलीस बोलावू?”

“गणित तुझं आहे. तिला काय म्हणून बोलवायचं?”

जानकीचे डोळे भरून आले, आणि त्या एका प्रश्नानं सगळं बाहेर पडलं. दोन्ही तुकड्यांची चाचणी एका तासाला नसे. एकीची दुसऱ्या तासाला, तर दुसरीची जेवणाच्या सुट्टीनंतर. मैथिली आपल्या तुकडीत गणित लिही. मधल्या वेळेत दोघी ओळखपत्राची दोरी बदलत, आणि मैथिली जानकी होऊन दुसऱ्या तुकडीत जाऊन पुन्हा गणित लिही. तमिळ, इंग्रजी, समाजशास्त्राला जानकी दोनदा बसे. विषय त्यांनी वाटून घेतले होते. जिचा विषय तिनंच अभ्यास करायचा, दुसरीनं पुस्तक उघडायचंसुद्धा नाही. तिमाहीला सगळी शाळा एकाच वेळी बसली आणि डाव मोडला. मैथिली इंग्रजीत कशीबशी तरली होती, एवढंच.

“कोणास सांगू नका, मिस,” जानकी म्हणाली. “अप्पास तर नकोच.”

माझ्या धंद्यात ही जागा सर्वांत अवघड. मूल विश्वासानं बोलतं, आणि तो विश्वास मोडला की खोलीला टाळं लावलेलं बरं. पण पब्लिक परीक्षा, म्हणजे दहावीची बोर्डाची, तोंडावर होती. तिथं असलं काही करायला गेल्या असत्या तर नुसते मार्क नाही, पुढची वर्षं गेली असती. मी दोघींना एकत्र बसवलं.

“मी लपवणार नाही, आणि तुमच्या पाठीमागं सांगणारही नाही,” मी म्हटलं. “तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसेन.”

मैथिली, जी कमी बोलायची, ती म्हणाली, “टीसी देतील.”

“मी देऊ देणार नाही.”

हे मी इतक्या ठामपणे म्हटलं, की मलाही ते खरं वाटलं.

प्रिन्सिपल मॅडम शिस्तीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोरींना बाहेर पाठवलं आणि सरळ म्हणाल्या, “आई-वडिलांना बोलवा आणि दाखला द्या. ही चोरी आहे.”

“चोरी आहेच,” मी म्हणाले. “पण मॅडम, आपण दोन मुलींना इतके महिने शिकवलं आणि एकाही शिक्षकाला कळलं नाही की वर्गात बसलेली मुलगी कुठली. दाखला देताना त्यावर कारण काय लिहिणार?”

त्यांनी परीक्षांचं वेळापत्रक पुढं ओढलं. मग म्हणाल्या, “सहामाहीत दोघी सगळ्या विषयांत पास झाल्या पाहिजेत. एका हॉलमध्ये, माझ्या समोर. नाही झाल्या तर तुम्ही मध्ये पडायचं नाही.”

“नाही पडणार.”

घरी सांगायला मी दोघींबरोबर गेले. सेतुरामराव नुकतेच ऑफिसातून आले होते, मुलींची आई पद्माबाई कॉफी घेऊन आल्या. जानकीनं सांगायला सुरुवात केली आणि मैथिलीनं शेवट केला. कॉफी तशीच राहिली. सेतुरामराव उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

“ऐयो, या गल्लीत आमची चार घरं,” ते म्हणाले. “कोणास तोंड कसं दाखवू? मी तुम्हांस काय कमी केलं? पुस्तकं दोन-दोन आणली. ट्यूशन दोघींस लावली. कशात फरक केला?”

“कशातच केला नाही, अप्पा,” जानकी म्हणाली. “मजला गणितात कमी पडले की तुम्ही म्हणत होता, तिला येतं तर तुला काय म्हणून नाही? मग तिला तमिळमध्ये कमी पडले की तिला तेच. आम्ही मार्कांसाठी नाही केलं. कोणी एक मागं राहू नये म्हणून केलं.”

सेतुरामरावांनी बायकोकडे पाहिलं, तिनं तरी काही बोलावं म्हणून. पद्माबाई शांत बाई. त्यांनी मलाच विचारलं, “अक्का, न्हाणीघरात कोण आहे ते मी पाणी ओतायच्या आवाजावरून सांगते. या दोघी मजला कधी एकसारख्या दिसल्या नाहीत. तुमच्या शाळेस कशा दिसल्या?”

तो प्रश्न अर्धा सेतुरामरावांनाही होता. कॉफीचा पेला बाजूला सारून ते एवढंच म्हणाले, “सरी, बरं. आता काय करायचं ते सांगा.”

करायचं ते खूप होतं. रोज शाळा सुटल्यावर दोघी माझ्या खोलीत. जानकीला गणित रेघांनी कळत नव्हतं, माणसांनी कळलं असतं. म्हणून समरूप त्रिकोण आम्ही मैदानावर केले. ती उन्हात उभी, तिची सावली मोजली, मग नारळाच्या झाडाची सावली मोजली, आणि झाडावर न चढता झाडाची उंची काढली. “म्हणजे माझं नि माझ्या सावलीचं जे नातं, तेच झाडाचं नि त्याच्या सावलीचं,” ती म्हणाली. नातं हा शब्द पाठ्यपुस्तकात नव्हता, पण गुणोत्तर दुसरं काय असतं? त्या दिवसापासून ती प्रत्येक गणितात आधी कोणाचं कोणाशी काय नातं आहे ते मोठ्यानं बोले आणि मग आकडे मांडी. बीजगणित मात्र शेवटपर्यंत कडूच राहिलं. तिथं माझी कुठलीच युक्ती चालली नाही, नुसता सराव चालला.

मैथिलीचं उलट. कविता म्हटली की तिचा चेहरा बंद पडलेल्या दुकानासारखा होई. मी तमिळच्या शिक्षकांना विनंती केली की तिला अर्थ राहू द्या, आधी छंद शिकवा. तमिळ छंदात अक्षरांची जोडणी हिशेबानं होते, कुठल्या तुकड्यापुढं कुठला तुकडा यायचा याचे पक्के नियम आहेत. मैथिलीला ते गणित भयंकर आवडलं. ओळी फोडता-फोडता त्या पाठ झाल्या, आणि पाठ झाल्यावर एके दिवशी तिनं आपणहून विचारलं, “मिस, पण ही बाई एवढी रागावली का आहे?” कवितेतल्या नायिकेबद्दल. समाजशास्त्रासाठी खोलीच्या फरशीवर खडूनं काळाची लांबच लांब रेघ काढली. झाडणारी अम्मा माझ्यावर चिडली, पण तिनं ती पुसली नाही.

एक गोष्ट मात्र मी हट्टानं केली. दोघींनी एकमेकींना शिकवायचं, आणि ऐकणारीनं जिथं कळलं नाही तिथं लगेच थांबवायचं. आजवर त्यांनी विषय बदलून घेतले होते, कधी समजावून दिले नव्हते. पहिल्याच दिवशी जानकीनं मैथिलीला सारखं थांबवलं.

“किती वेळा सांगू?” मैथिली शेवटी ओरडली. “दिसत नाही तुला?”

“तुला दिसतं ते मला दिसत नाही! तू सांग. बोलून सांग!”

“बोलायला काय आहे त्यात? काढलंय ना!”

जानकीनं पुस्तक आपटलं आणि बाहेर गेली. मैथिली थक्क होऊन माझ्याकडे बघत राहिली. जन्मापासून त्या दोघी कधी भांडल्या नव्हत्या. मी तिला म्हटलं, “जा, आण तिला,” आणि मनातल्या मनात मोठा निःश्वास सोडला. गोष्ट मार्गाला लागली होती.

सहामाहीला प्रिन्सिपल मॅडमनी दोघींना हॉलच्या दोन टोकांना बसवलं आणि स्वतः फेऱ्या मारल्या. निकाल काही ढोल वाजवण्यासारखा नव्हता. जानकी गणितात काठावर, मैथिली समाजशास्त्रात काठावर. पण दोघी सगळ्या विषयांत पास. मॅडमनी मार्क दोनदा पाहिले आणि मला म्हणाल्या, “ठीक.” त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे हार घातल्यासारखा. उन्हाळ्यात पब्लिकचा निकाल लागला. दोघींच्या एकूण मार्कांत चांगला ठळक फरक होता, मैथिली पुढं. सेतुरामरावांनी मला फोन केला. मी मनाची तयारी करून ठेवली होती.

“रत्नाक्का, फरक पडला,” ते म्हणाले. “घरात कोणी काही बोललं नाही. मी पण नाही.”

सगळेच बाप असे निघत नाहीत. आमच्या शाळेत एक मुलगा होता, प्रभू. स्वयंपाकात त्याचा जीव. घरच्यांपुढं मी खूप बोलले, पण त्याला इंजिनिअरिंगला घातलंच. आज तो दूर कुठल्याशा शहरात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः केलेल्या पदार्थांचे फोटो मला पाठवतो. फोटो सुंदर असतात. मी नुसतं ‘छान’ असं उत्तर पाठवते, कारण दुसरं काय लिहिणार?

सेतुरामरावांबरोबर मात्र आणखी एक बैठक झाली, अकरावीच्या ग्रुपची. मैथिलीचा प्रश्न नव्हता. तिला गणित आणि कॉम्प्युटर हवं होतं, आणि डॉक्टर व्हायचं नाही हे तिनं एका वाक्यात सांगितलं. जानकीला इतिहास-अर्थशास्त्राचा ग्रुप हवा होता. तो आमच्या शाळेत नव्हता. म्हणजे दुसरी शाळा, दुसरा गणवेश, दुसरी बस.

“त्या ग्रुपला कोण जातं?” सेतुरामराव म्हणाले. “ज्यांना मार्क नाहीत ते. नातेवाईक काय म्हणतील, एकीस शिकवलं, एकीस टाकलं.”

मी बोलणार होते, पण जानकीच बोलली. “अप्पा, रस्त्यानं जाताना प्रत्येक माणसाची हकीकत मजला ठाऊक असते. तुम्ही त्यास वाचाळपणा म्हणता. मिस म्हणतात, त्याचं शिक्षण असतं. कायदा, पत्रकारिता, काय-काय असतं. मला ते बघू द्या.”

“आणि दोघी वेगळ्या जाणार?” त्यांचा आवाज उतरला. मला तेव्हा कळलं, की मुली डॉक्टर न होण्याचं त्यांना जेवढं दुःख होतं, त्याहून मोठं हे होतं. पंधरा वर्षं हा माणूस दोन मुलींचा हात एकाच मुठीत धरून चालला होता.

“संध्याकाळी घरीच यायचं आहे, अप्पा,” मैथिली म्हणाली. पद्माबाई हसल्या, आणि प्रवेशाचं ठरलं.

मी त्याच वर्षी निवृत्त झाले. ही हकीकत लिहावी असं मैथिली-जानकीनंच सुचवलं. दोघींना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा ती मलाच वाचून दाखवावी लागणार. मला लिपी येते ती आत्यामुळं. ती पुण्याला दिली होती आणि दर उन्हाळ्यात येऊन आम्हा भाचरांना पाटीवर बसवी.

अकरावी सुरू होऊन महिना झाला असेल. दुपारी फोन वाजला. जानकी. नव्या शाळेतून, कोणा बाईंच्या फोनवरून. मागं मुलींचा कल्ला ऐकू येत होता.

“मिस, अर्थशास्त्राची पहिली चाचणी झाली. फार कमी पडले. वर्गात शेवटून तिसरी.”

मी सावरून बसले. “बरं. काय कळलं नाही ते बघू. रविवारी येतेस?”

“येते. ते शिकायचं आहेच.” मग तिचा आवाज एकदम खुलला. “पण मिस, जेवढे पडले तेवढे सगळे माझे आहेत!”